उजवा पाय ऐकत का नाही? नवशिक्या ड्रमरसाठी एक एपिसोड

(बोललेल्या एपिसोडचा हा लिखित मजकूर. वाचताना अडखळायला होऊ नये म्हणून थोडी साफसफाई केली आहे. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज सुरुवातीलाच तुम्हाला एक काम देतो. गाडी चालवत ऐकत असाल तर प्लीज आत्ता करू नका, घरी पोहोचल्यावर करा. बाकीच्यांनी लगेच करून बघा.

खुर्चीत नीट बसा. उजवा पाय जमिनीपासून जरासा उचला आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गोल गोल फिरवा. फिरतोय? छान. आता तो फिरत असतानाच उजव्या हाताच्या बोटाने हवेत इंग्रजी सहाचा आकडा काढा.

काय झालं? बहुतेकांचा पाय एक तर अडखळतो, नाहीतर सरळ उलटा फिरायला लागतो. तुम्ही सांगितलेलं नसताना! आता हेच डाव्या हाताने करून बघा. पाय उजवाच. बऱ्याच जणांना हे त्या मानाने सोपं जातं.

आज आपण याच्यावरच बोलणार आहोत. पाय आपलाच, डोकं आपलंच, मग तो ऐकत का नाही? आणि ड्रम शिकताना त्याला ऐकायला कसं लावायचं?

मी कोण, तर सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेक केलं, नोकरी लागली, आणि अकरा महिन्यांपूर्वी ड्रमच्या क्लासला नाव घातलं. बॅचमध्ये माझ्या आजूबाजूला सगळी शाळेतली पोरं. त्यातला एक मला "काका" म्हणतो. असो.

हा विषय आत्ता घेण्याचं कारण सांगतो. यंदा सोसायटीच्या गणपतीत आम्ही चौघं मिळून एक गाणं वाजवायचं म्हणतोय. गिटार, कीबोर्ड, गाणारी मैत्रीण आणि ड्रमवर मी. गाण्याचा वेग आहे ९६ बीपीएम, म्हणजे मिनिटाला ९६ ठोके. न अडखळता चार मिनिटं टिकेल असा माझा आजचा वेग आहे ८४. १ ऑगस्टला आम्ही बसून ठरवणार आहोत की ड्रमवर मी असणार, की लॅपटॉपवरचा तयार ट्रॅक. तो ट्रॅक थकत नाही, घाबरत नाही आणि फुकट आहे. त्यामुळे माझ्यासाठी सध्या हा विषय नुसत्या थिअरीचा राहिलेला नाही.

आणि हे फक्त माझंच नाही. ड्रम शिकणाऱ्या मित्रांशी बोललो की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "माझ्यात तालच नाही रे, किट विकून टाकतो." कुठे अडलंय असं विचारलं, तर सगळे जवळपास एकाच जागी अडलेले असतात. दोन हात जमलेले असतात. मग पाय येतो आणि सगळा डोलारा कोसळतो. या जागेवर माणसं वाद्य सोडतात. म्हणून आज एवढ्या एकाच जागेबद्दल बोलू.

चार जागा, चार कामं

ज्यांनी ड्रमसेट जवळून बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उजव्या हाताने वाजवणाऱ्याचा उजवा हात सहसा हाय-हॅटवर असतो. हाय-हॅट म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन झांजा. डावा हात स्नेअरवर, तो कडकडीत आवाजाचा ड्रम. उजवा पाय बास ड्रमच्या पेडलवर, त्यालाच किक म्हणतात. आणि डावा पाय हाय-हॅटच्या पेडलवर, त्या दोन झांजा उघडायला आणि मिटायला.

आता जरा इतिहास, कारण त्याने मनाला बरं वाटतं. पूर्वी बँडमध्ये हे सगळं एक माणूस वाजवत नसे. बास ड्रम एकाकडे, स्नेअर दुसऱ्याकडे, झांजा तिसऱ्याकडे. आपल्याकडच्या लग्नातल्या बँडमध्ये आजही तसंच असतं, मोठा ढोल गळ्यात घेतलेला माणूस वेगळा आणि साइड ड्रमवाला वेगळा. अमेरिकेत थिएटरमध्ये आणि डान्स हॉलमध्ये जागा कमी, पैसेही कमी, म्हणून एकाच माणसाकडून जास्त कामं करून घेण्याची धडपड सुरू झाली. पायाने वाजवायच्या पेडलचे प्रयोग आधीपासून चालू होते. १९०९ मध्ये शिकागोच्या विल्यम लुडविगने पेटंट घेतलेलं पेडल जोरात चाललं. आज आपण बघतो तसा उंच हाय-हॅट तर १९२० च्या दशकाच्या शेवटी आला.

म्हणजे एका माणसाने चारही हातपायांनी वाजवायचं हे वाद्य जेमतेम शंभर वर्षांचं आहे. माणसाचं शरीर त्याच्या कितीतरी आधीचं. ते यासाठी घडलेलं नाही, त्यामुळे पहिल्या महिन्यात जमलं नाही तर त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

शरीराची डिफॉल्ट सेटिंग

आता पायाच्या त्या गोंधळाकडे येऊ. १९८० च्या दशकात स्कॉट केल्सो नावाच्या शास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. तुम्हीही करा. दोन्ही हात टेबलावर ठेवा आणि दोन्ही तर्जनी पुढे करा. आता दोन्ही बोटं एकाच दिशेने हलवा, गाडीच्या वायपरसारखी. दोन्ही डावीकडे, दोन्ही उजवीकडे. हळूहळू वेग वाढवा. आणखी. आणखी.

एका ठरावीक वेगाला काहीतरी विचित्र होतं. बोटं आपोआप आरशासारखी हलायला लागतात. दोन्ही आत, दोन्ही बाहेर. तुम्ही ठरवलेलं नसतं, तरी होतं. आणि उलटं होत नाही, म्हणजे आरशासारखी सुरुवात केलीत तर वेग कितीही वाढवा, बोटं वायपरकडे जात नाहीत. शरीराला काही जोड्या आवडतात. घाई झाली की ते त्या आवडत्या जोडीकडे घसरतं. १९८५ मध्ये केल्सो, हाकेन आणि बुन्झ या तिघांनी या घसरण्याचं गणितच मांडलं.

हातापायाचंही असंच आहे. १९८२ मध्ये बाल्दिसेरा आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी दाखवलं, की एकाच बाजूचा हात आणि पाय एकाच दिशेने हलवणं सोपं असतं, विरुद्ध दिशेने हलवणं फार अवघड. मघाशी तुमचा पाय उलटा फिरला तो याच घराण्यातला प्रकार. त्या पायाला उजव्या हाताच्या मागे जायचं होतं.

आता हे ड्रमवर आणा. सगळ्यात पहिला बीट घेऊ. चार मोजायचे, "एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि". असे आठ क्षण होतात. उजवा हात आठही क्षणांवर. उजवा पाय फक्त एक आणि तीनवर. डावा हात दोन आणि चारवर. लिहायला दोन ओळी, पण बसून बघा! उजवा हात आठ वेळा खाली येतो आणि त्याच बाजूच्या पायाला सहा वेळा गप्प बसायचं असतं. पायाला ते पटत नाही. तो हाताच्या प्रत्येक ठोक्याला जायला बघतो. त्याला दाबून धरलं, तर हातच मधले ठोके गाळायला लागतो.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की तुमच्यात ताल नाही असं अजिबात नाही. ही प्रत्येकाच्या शरीराची डिफॉल्ट सेटिंग आहे. ती बदलता येते, फक्त एका दिवसात नाही.

"स्वतंत्र" हा शब्दच फसवा आहे

ड्रमच्या जगात या सगळ्याला "इंडिपेंडन्स" म्हणतात. प्रत्येक हातपाय स्वतंत्र करायचा. ऐकायला भारी वाटतं. पण या शब्दाने डोक्यात एक चित्र तयार होतं, चार खोल्यांत चार माणसं बसली आहेत आणि प्रत्येक जण आपलं आपलं वाजवतोय. आमच्या भाषेत मल्टिथ्रेडिंग. डोक्यात चार थ्रेड चालवायचे आणि चौघांवर एकदम लक्ष ठेवायचं.

बहुतेक माणसांचं डोकं असं चालत नाही. याच्यावरही काम झालंय. एका हाताने तीन आणि दुसऱ्या हाताने त्याच वेळात दोन ठोके द्यायचे, हा जुना अवघड प्रकार. १९८८ मध्ये जागाचिन्स्की, क्लॅप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं, की माणसं हे करताना दोन वेगळी घड्याळं चालवतात, की दोन्ही मिळून एकच क्रम धरतात. त्यांचा निष्कर्ष एकच क्रम, असा होता. तुम्हीही करून बघा. "तीन विरुद्ध दोन" म्हणून विचार केलात तर डोकं गरगरतं. त्याऐवजी नुसता क्रम धरा: एकत्र, उजवा, डावा, उजवा. एकत्र, उजवा, डावा, उजवा. यातलं "उजवा, डावा, उजवा" जरा जवळजवळ घ्यायचं, बस. दोन मिनिटांत जमायला लागतं.

म्हणजे चार थ्रेड नाहीत. थ्रेड एकच आहे आणि तो एकेका क्षणाला एकेक आज्ञा सोडतोय. त्या आज्ञेत चार बिट आहेत, उजवा हात, डावा हात, उजवा पाय, डावा पाय. चार बिट म्हणजे १६ शक्यता, त्यातली एक पूर्ण शांतता. उरल्या १५. जगातला कुठलाही बीट घ्या, कुठल्याही क्षणी कोण कोण वाजतंय याची उत्तरं एवढीच.

आणि आपल्या पहिल्या बीटमध्ये पंधरापैकी किती वापरली जातात माहितीये? फक्त तीन! हात आणि पाय एकत्र, नुसता उजवा हात, आणि दोन्ही हात एकत्र. संपलं.

हे कळल्यावर मला पहिल्यांदा तबला आठवला. लहानपणी शेजारच्या घरात तबल्याचा क्लास चालायचा, त्यामुळे बोल कानावरून गेलेले. "धा" म्हणजे काय? दायाँवर "ना" आणि बायाँवर "गे", दोन्ही एकाच वेळी. "धिं" म्हणजे "तिं" आणि "गे" एकत्र. पण तबला शिकणाऱ्या पोराला कोणी असं सांगतं का, की बाळा, उजवा हात स्वतंत्र ठेव आणि डावा हात स्वतंत्र ठेव? नाही. त्याला सांगतात, "धा" म्हण. दोन हातांच्या कामाला एकच अक्षर. आधी तोंडाने बोल पाठ, हाताने टाळी, मग तबला. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा. तोंडाला आलं की हाताला येतं. आपल्या परंपरेत हे उत्तर आधीपासून आहे, फक्त ड्रमच्या क्लासमध्ये आपण ते दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवतो.

गंमत म्हणजे तिकडच्या जुन्या लोकांनाही याची जाण होती. जिम चेपिन या जॅझ ड्रमरचं १९४८ मधलं गाजलेलं पुस्तक आहे, त्याच्या नावात "को-ऑर्डिनेटेड इंडिपेंडन्स" असे शब्द आहेत. नुसतं स्वातंत्र्य नाही, एकमेकांशी जुळवून घेतलेलं स्वातंत्र्य.

आपले बोल आपणच बनवू

चला, करून बघू. तीन अक्षरं घेऊ. उजवा हात आणि किक एकत्र, त्याला म्हणू "धम". नुसता हाय-हॅट म्हणजे "ती". हाय-हॅट आणि स्नेअर एकत्र म्हणजे "टाक". हे बोल कुठल्या पुस्तकातले नाहीत, मी माझ्यापुरते ठेवलेत. तुम्हाला दुसरे आवडले तर ते घ्या.

पहिला बीट: धम ती टाक ती, धम ती टाक ती.

मोठ्याने म्हणा. बसमध्ये असाल तर मनात म्हणा. आता दुसरा बीट, आमच्या गणपतीच्या गाण्यातला: धम ती टाक धम, धम ती टाक ती.

फरक कळला? फक्त चौथं अक्षर बदललं. "ती"च्या जागी "धम" आलं. हाच बदल कोणी असा सांगितला की "उजवा पाय दोनच्या नंतरच्या आणिवर एक जादा किक मारतो", तर डोकं चार हातपायांची बेरीज-वजाबाकी करत बसतं. एक अक्षर बदललं म्हटलं की मामला सोपा होतो.

पायाच्या अडचणीलाही पायऱ्या असतात, त्या माहीत असलेल्या बऱ्या. पहिली पायरी, पाय हाताबरोबर पण कमी वेळा. दुसरी, स्नेअरच्या लगेच पुढे पाय, वरच्या दुसऱ्या बीटसारखा. इथे डाव्या हाताचा ठोका पायाला ओढतो आणि पाय घाईने लवकर पडतो. आणि तिसरी, हात गप्प असताना एकट्या पायाने मधेच पडायचं, म्हणजे "दोन" आणि "आणि" यांच्या अधल्यामधल्या जागेत. ही सगळ्यात अवघड, कारण इथे पायाला हाताचा आधारच नाही. त्याला चौथं अक्षर द्या, "दुम". मग ते पायाचं एकट्याचं संकट राहत नाही, ओळीतलं एक अक्षर होतं.

रोजचा सराव कसा करायचा

आता कामाचं. मी काय करतो ते सांगतो. माझ्या सरांनी सांगितलेलं, वाचलेलं आणि स्वतः मोजून बघितलेलं, असं मिळून आहे.

एक. किटला हात लावण्याआधी तोंडाने. मेट्रोनोम ५० वर लावायचा आणि बोल म्हणायचे. तोंड अडखळत असेल तर हात अडखळणारच.

दोन. मग मांडीवर. हात मांडीवर, पाय जमिनीवर. यासाठी काठ्या लागत नाहीत, किट लागत नाही, पैसे लागत नाहीत. ऑफिसच्या कॉलमध्ये कॅमेरा बंद असताना माझा निम्मा सराव असाच होतो.

तीन. किटवर ५० बीपीएमला. या वेगाला दोन क्षणांमध्ये ०.६ सेकंद मिळतात. कंटाळवाणं वाटतं, पण कारण केल्सोच्या बोटांमध्येच आहे. शरीर आवडत्या जोडीकडे घसरतं ते वेग वाढल्यावर. हळू वेगात ती ओढ कमी असते, तेवढ्या वेळात नवीन सवय लावून घ्यायची. दुसरं, हळू वाजवताना ऐकू येतं. "धम"मधले हात आणि पाय खरंच एकत्र पडतायत का? एकत्र पडले तर एकच जाड आवाज येतो. मागेपुढे पडले तर "फडत" असा फाटका येतो. फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. वाजवताना कान आपली बाजू घेतो, रेकॉर्डिंग घेत नाही.

चार. एक आवर्तन आणि पुढच्या आवर्तनाचा पहिला ठोका, एवढंच वाजवून थांबायचं. म्हणजे "धम ती टाक धम धम ती टाक ती, धम" आणि थांबा. श्वास घ्या. परत. गडबड होते ती बहुतेक वेळा शेवटाकडून सुरुवातीला येताना, त्या सांध्यावर. तो सांधा आधी पक्का करायचा.

पाच. सलग दहा वेळा स्वच्छ आलं की वेग ४ ने वाढवायचा. तुटलं की ४ ने खाली. मी हे शीटमध्ये लिहून ठेवतो, इंजिनिअरचा स्वभाव, दुसरं काय! हा बीट ५० वरून ८४ वर यायला सतरा आठवडे लागले, म्हणजे चार बीपीएमला साधारण दोन आठवडे. त्यात ७२ वर तीन आठवडे जागचा हललो नाही. तिथे तोंडाने "एक आणि दोन आणि" मोजणंच जड व्हायला लागलं होतं. बोलांवर गेल्यावर पुढे सरकलो.

सहा. जोड्या. चार हातपायांच्या जोड्या होतात सहा. रोज एक जोडी घ्या. एकाने आठ क्षण, दुसऱ्याने फक्त चार. मग अदलाबदल. डावा हात आणि डावा पाय ही जोडी पहिल्यांदा कराल तेव्हा स्वतःवरच हसायला येईल.

सात. तीन हातपाय तेच ठेवायचे आणि चौथ्याला दर आवर्तनात काहीतरी नवीन द्यायचं. टेड रीड यांचं १९५८ मधलं "सिंकोपेशन" हे पुस्तक शिक्षक असंच वापरतात. हात ठरलेलं वाजवतात आणि पुस्तकातली ओळ पाय वाचतो. गॅरी चेस्टर यांचं १९८५ चं "द न्यू ब्रीड" याच वाटेवर पुढे जातं आणि वर वाजवता वाजवता एकेक भाग तोंडाने गायला लावतं. परत तोंडच!

वेळ किती द्यायचा? रविवारी दोन तास बसण्यापेक्षा आठवड्यातून सहा दिवस वीस-वीस मिनिटं. दोन्हीकडे मिनिटं १२० च. पण शरीर रोजच्या रोज शिकतं, आणि रात्रीच्या झोपेनंतर काल न जमलेलं आज जमलं, हा अनुभव वाद्य शिकणाऱ्या प्रत्येकाला येतो.

आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एक सूचना. हातांच्या आवाजावर रबरी पॅड हा उपाय आहे. किकचा आवाज कानाला कमी आणि जमिनीतून खाली जास्त जातो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी एकदा लिफ्टमध्ये अगदी प्रेमाने विचारलं, "तुमच्याकडे रोज रात्री खलबत्त्यात काय कुटतात?" तेव्हापासून पायाचा सराव पेडल न लावता, दुहेरी घडी घातलेल्या गोधडीवर टाच टेकवून, आणि साडेनऊच्या आत. आजोबा खूश, मीही खूश.

तुम्ही हे आधी एकदा केलेलं आहे

कोणी म्हणेल, पण वय झालं की हे येत नाही. बरं, तुमच्यातले किती जण गिअरची बाइक चालवतात? डावा हात क्लचवर. डावा पाय गिअरवर. उजवा हात अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकवर. उजवा पाय मागच्या ब्रेकवर. चारही हातपाय, चार वेगळी कामं, आणि जुळणी चुकली तर गाडी आचके देऊन बंद. पहिल्या आठवड्यात "क्लच सोड, हळू सोड" असं कोणीतरी मागून ओरडत होतं. आज सिग्नलला तुम्ही रात्री जेवायला काय करायचं याचा विचार करत पहिला गिअर टाकता. क्लच, गिअर आणि अ‍ॅक्सिलरेटर यांचं मिळून एकच अक्षर झालंय.

१९६७ मध्ये फिट्स आणि पोस्नर यांनी शिकण्याचे तीन टप्पे सांगितले होते. पहिला, प्रत्येक गोष्ट विचार करून करायची. दुसरा, तुकडे एकमेकांना जोडले जातात आणि गडबड कमी होते. तिसरा, विचार न करता होतं. ड्रम सोडणारे लोक बहुतेक पहिल्या टप्प्यातच सोडतात, कारण तिसरा टप्पा पहिल्यासारखाच, फक्त जास्त वेगवान असेल असं त्यांना वाटतं. तसं नसतं.

वारीत बघा. टाळ हातात, पावली पायात, अभंग तोंडात. कोणी त्याला कोऑर्डिनेशन म्हणत नाही. शाळेत लेझीम खेळला असाल तर तेही तेच.

आणि ज्याला खरंच असं वाटतं की "माझं शरीरच यासाठी नाही", त्याने रिक अ‍ॅलन हे नाव लक्षात ठेवावं. डेफ लेपर्ड या ब्रिटिश बँडचा ड्रमर. ३१ डिसेंबर १९८४ ला कारच्या अपघातात त्याचा डावा हात गेला. वय २१. बँडने दुसरा माणूस घेतला नाही, ते थांबले. त्याच्यासाठी इलेक्ट्रॉनिक किट बनवलं गेलं, ज्यात डाव्या हाताची कामं डाव्या पायाच्या पेडलांवर आली. ऑगस्ट १९८६ मध्ये डॉनिंग्टनच्या मोठ्या फेस्टिव्हलमध्ये तो वाजवत होता. १९८७ मध्ये "हिस्टेरिया" हा अल्बम आला, त्यांचा सगळ्यात जास्त खपलेला.

मला यात नुसती जिद्द दिसत नाही. मला यात आजचा मुद्दाच दिसतो. स्नेअर हे काही "डाव्या हाताचं काम" नव्हतं. ते वाक्यातलं एक अक्षर होतं. वाक्य त्याच्या डोक्यात शाबूत होतं. अक्षर उच्चारणारा अवयव बदलला. ते सोपं होतं असं मी म्हणत नाही, त्याला अख्खं वाद्य नव्याने शिकावं लागलं. पण शिकण्यासारखं वाक्य त्याच्याकडे होतं.

मग ट्रॅक का नको?

आता प्रश्न उरतो लॅपटॉपचा. हे सगळं फोनवरचं एखादं अ‍ॅप शून्य चुकांत करतं, मग एवढा खटाटोप कशाला? मी दिवसभर असलीच कामं ऑटोमेट करतो, त्यामुळे हा प्रश्न मी हसण्यावारी नेऊ शकत नाही.

माझ्याकडे एकच उत्तर आहे. आमची मैत्रीण गाताना कडव्याच्या शेवटी एक ओळ किंचित लांबवते. प्रत्येक वेळी वेगळी. परवाच्या प्रॅक्टिसला ट्रॅक लावला होता, तो तिच्यासाठी थांबला नाही. तिला ओळ तोडावी लागली. नंतर मी ८४ ला वाजवलं. तिने ओळ लांबवली, आणि माझा "टाक" तिच्यासाठी थांबला. मी काही ठरवलं नव्हतं. पाय कुठे पडतोय याचा विचार डोक्यातून गेला होता, म्हणून कान मोकळा होता. हातपाय जुळवण्याचा एवढा सराव यासाठीच करायचा. हातपाय आपले आपण चालायला लागले की आपल्याला दुसऱ्याचं ऐकता येतं.

पण ८४ म्हणजे ९६ नाही. दोन्हींमध्ये प्रत्येक क्षणाला फरक आहे सुमारे ४५ मिलिसेकंदांचा. ऐकायला किरकोळ, पण चार मिनिटांच्या गाण्यात ९६ च्या वेगाने असे ७६८ क्षण येतात. माझ्याकडे सात आठवडे आहेत. चार बीपीएमला दोन आठवडे धरले तर बारा बीपीएमला सहा. हिशोब बसतो, पण जेमतेम. ७२ सारखा आणखी एक खांब मधे आला तर ट्रॅक वाजेल, आणि तो वाजावा हेच बरोबर. त्या गाण्यावर इतर तिघांचाही हक्क आहे. मी तेव्हा टाळ घेऊन मागे उभा राहीन आणि ऑगस्टमध्येही रोज वीस मिनिटं बसेन.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ. "धम ती टाक ती" पन्नासच्या वेगाने तोंडाने, मग मांडीवर, रोज दहा मिनिटं. किट नसलं तरी चालेल. रविवारी फोनवर तीस सेकंद रेकॉर्ड करा आणि "धम" जाड ऐकू येतो की फाटका, एवढंच बघा. किट विकायचा विचार करत असाल तर निदान हा एक महिना थांबा, आणि त्या महिन्यात वेग ६० च्या वर नेऊ नका.

पुढच्या भागात डाव्या पायाबद्दल बोलू. त्या बिचाऱ्याला आज आपण विचारलंच नाही. भेटू, काळजी घ्या!